दा. ब.

माझं सकाळचं मौन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर अवलंबून आहे. उठल्यापासून ऊन त्या खिडकीच्या कट्ट्यावर येईपर्यंत मी बोलत नाही. कट्ट्यावरच्या मिठाच्या बरणीला ऊन शिवलं की माझं तोंड उघडतं. ढगाळ दिवशी काय करायचं याचा नियम मी केलेला नाही. अशा दिवशी आमचे हे बरणीवर टॉर्च मारतात आणि म्हणतात, "घ्या, उगवला. आता सांगा, माझा चष्मा कुठंय?" मी देवाकडे बघून हसते. देवाला चालत असावं.

दुसरा नेम संध्याकाळचा. दिवा लावताना त्या दिवशी बोललेलं एक खोटं देवाला सांगायचं. बहुतेक दिवस ते किरकोळ असतं. एखाद्या मुलीला म्हटलेलं असतं, "वाचला हं तुझा निबंध," आणि वाचलेली असतात दोन पानं. शेजारणीनं शिवलेल्या पडद्यांना छान म्हटलेलं असतं. एकदा काही केल्या खोटं आठवेचना, म्हणून मी म्हटलं, "आज काही नाही," आणि वात पुढं सारताना लक्षात आलं, आजचं खोटं हेच.

मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. माझ्या विषयाचं नाव लांबलचक आहे, सामुदायिक मानसिक आरोग्य परिचर्या. त्याचा अर्थ इतकाच, की ज्याचं मन आजारी आहे त्यानं रुग्णालयात येण्याची वाट बघत बसायचं नाही, नर्सनं त्याच्या घरी जायचं. या विषयात माझं जे काही नाव आहे, ते एका नियमामुळे. ओळीनं तीन भेटींत दार उघडलं नाही, तर त्या घराचं नाव यादीतून काढायचं, आणि तो वेळ जिथं दार उघडतं तिथं द्यायचा. परीक्षेच्या आधी मुली व्हरांड्यात येरझाऱ्या घालत घोकतात, "तीन दा. ब., नाव बाद." दा. ब. म्हणजे दार बंद. अठरा वर्षं हे घोकणं माझ्या कानावर पडत आलंय आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकलं की मला आतून गोड वाटायचं.

नियम माझ्या प्रबंधातून निघाला होता. आरोग्य केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांच्या नऊ वर्षांच्या भेटवह्या मी उतरवून काढल्या होत्या. प्रत्येक घरापुढं तारीख आणि तारखेपुढं एक-दोन अक्षरं. कुठं 'भेट', कुठं 'कु.', म्हणजे कुलूप, आणि पानंच्या पानं 'दा. ब.', 'दा. ब.', 'दा. ब.' मी हिशेब मांडला, की तिसऱ्या बंद दारानंतर जाण्यात फारसा अर्थ उरत नाही. मार्गदर्शक खूश झाले. नियम आधी आमच्या केंद्रात आला, मग इतर केंद्रांत, मग पाठ्यपुस्तकात.

आणि आता मी प्राध्यापक होणार होते. निवड समितीसमोर शुक्रवारी व्याख्यान द्यायचं होतं. विषय तोच नियम. "औपचारिकता आहे गं," विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या. "तू नुसती उभी राहिलीस तरी होईल. फक्त जरा मोठ्यानं बोल. तुझं बोलणं पहिल्या रांगेतच संपतं."

त्या दिवसांत मला पहाटे एकच स्वप्न पडायचं. एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारापुढं एक पायरी. मी हातात वही घेऊन चाललेय. पायऱ्या उन्हानं उबदार आहेत, हे मला अनवाणी तळव्यांना कळतंय, पण मी थांबत नाही. दारांमागं कुणीतरी श्वास घेतंय, सगळ्या दारांमागं एकदमच, जसं झोपलेलं घर श्वास घेतं. मौनामुळं पहाटेचं स्वप्न मला कुणाला सांगता येत नाही. ते साखरेच्या खड्यासारखं जिभेवर विरघळत राहतं आणि ऊन बरणीपाशी येईतो नाहीसं होतं. हे मात्र विरघळेना.

*

सोमवारी मी केंद्रात गेले. व्याख्यानात दाखवायला जुन्या वहीच्या एका पानाचा फोटो हवा होता. रेकॉर्डवाल्या काकांनी कपाटावरून गठ्ठा काढला, फडक्यानं झटकला आणि शिंकून म्हणाले, "बाई, या वह्या तुमच्याशिवाय कुणी मागत नाही. तुमचं माहेरच हे."

काही अंशी खरंच होतं. तरुणपणचं एक अख्खं वर्ष मी त्या खोलीत काढलं होतं. तीच खिडकी, तेच टेबल, टेबलाच्या पायाखाली तीच पुठ्ठ्याची घडी. त्या वेळी माझं मौन दुपारी बारापर्यंत असायचं. नवा नेम, नवा उत्साह. सकाळी सातला मी येऊन उतरवायला बसायची. समोरच्या खुर्चीत मोठ्या सिस्टर त्या दिवसाच्या पिशवीत औषधं भरत बसलेल्या असायच्या. अकराला त्या पिशवी उचलून निघून जायच्या आणि बाराला माझं तोंड उघडायचं. तोवर खोलीत कुणी नसायचं. इतकी शांतता मी पुन्हा कुठं अनुभवली नाही. पानं उलटल्याचा आवाज, गोळ्यांच्या पाकिटांचा आवाज, बस.

मी सातवी वही उघडली. प्रबंधात ज्या घराची मी तळटीप केली होती, तेच पान हवं होतं. बोळाच्या टोकाचं घर. ओळीनं चौदा दा. ब. आणि पंधरावी नोंद 'भेट'. तळटीप मला पाठ आहे: 'हे उदाहरण अपवादात्मक असून नियमास बाधा आणत नाही.'

पानाचा फोटो घेतला आणि वाटलं, त्या दाराचाही घ्यावा. घरक्रमांक दिसू न देता, विचारून. व्याख्यानात बरं दिसेल, पंधराव्या खेपेला उघडलेलं दार.

बोळ केंद्रापासून दहा मिनिटांवर. दुपार होती, सगळं थबकल्यासारखं झालं होतं. दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. टोकाच्या घराचं दार निळं होतं आणि उघडं होतं. आत एक बाई शिवणयंत्रावर वाकून बसली होती, तोंडात दोन टाचण्या. दाराला पडदा होता, जाडसर, मातकट रंगाचा, आणि त्याच्या खालच्या काठाला एका ओळीत बटणं शिवलेली. एकासारखं एक नाही. शिंपल्याचं, लाकडी, लाल, कोटाचं मोठं, बाळाच्या झबल्याचं एवढंसं.

मी ओळख सांगितली. कॉलेज, केंद्र, फोटो.

तिनं टाचण्या काढल्या. "म्हणजे तुम्ही पायरीवाल्या सिस्टरांच्या?"

"कोण पायरीवाल्या?"

"अहो, त्याच. उंच. पिशवी घेऊन यायच्या. आमच्या बोळात सगळे त्यांना पायरीवाल्याच म्हणायचे." तिनं माझ्या पायांकडं बोट दाखवलं. "तुम्ही उभ्या आहात ना, तिथंच बसायच्या."

मी नकळत पायरीवरून खाली उतरले.

"मी दार उघडत नव्हते तेव्हा," ती म्हणाली. साधं, जसं कुणी म्हणेल मी तेव्हा त्या शाळेत होते. "आवाज ऐकू यायचे मला. दार वाजलं की वाटायचं, तेच आले. पण त्या वाजवायच्याच नाहीत. एकदा फक्त म्हणायच्या, मी आलेय, बसतेय. आणि बसायच्या. मी आतून, या पडद्यामागून बघायचे. दाराच्या फटीतून पदराचा काठ दिसायचा. एकदा तर घोरत होत्या."

"घोरत?"

"हळू. मला बरं वाटलं. माझ्या दाराशी कुणाला झोप येते म्हणजे दार एवढं वाईट नसणार." ती हसली. "त्या उठून गेल्या की मी एक बटण लावायचे. शिवणं सुटलं होतं तेव्हा, हात थरथरायचे. पण एक बटण जमायचं. मोजा, चौदा आहेत. पंधराव्या खेपेला डब्यातली बटणं संपली, म्हणून दार उघडलं. म्हटलं, बटणं आणून द्या."

मी मोजली. चौदा.

माझ्या हातात फोन होता, फोनमध्ये पान होतं, पानावर चौदा वेळा दा. ब. आणि समोर हवेत किंचित हलणारा पडदा. मला एकदम वाटलं, मी ते पानच बघतेय, फक्त कुणीतरी ते कापडावर उतरवलंय आणि माझ्यापेक्षा नीट उतरवलंय.

"नंतर कधी पुन्हा…?" मी विचारलं. ही आमच्या धंद्याची सवय.

"झालं ना. तीन वर्षांमागं. दोन महिने पुन्हा दार लावून घेतलं. तेव्हा दुसरी नर्स आली होती, लहान होती पोर. वाजवायची, थांबायची, जायची. तिसऱ्यांदा आली ती चिठ्ठी सरकवून गेली." यंत्राच्या खणातून तिनं कागद काढला. त्याच्या कडेनं बाहीचा आकार कापलेला होता. "जाड कागद आहे, बेतायला बरा पडतो."

उरलेल्या कागदावर छापलेलं होतं: 'तीन गृहभेटींत प्रतिसाद न मिळाल्याने आपणास सध्या सेवेची आवश्यकता नसल्याचे समजून…' 'समजून'च्या पुढं बाही होती. हे वाक्य माझं होतं. अकरा मसुदे झाले होते त्या वाक्याचे. 'नसल्याचे गृहीत धरून' काढून 'समजून' मीच घातलं होतं, मऊ वाटावं म्हणून.

"मग?"

"मग काय, बहीण येऊन राहिली. बरं झालं." तिनं टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि त्यांच्या आडून म्हणाली, "सगळ्यांना बहीण नसते, ताई. फोटो घ्यायचाय ना? घ्या की."

मी फोटो घेतला नाही.

*

मोठ्या सिस्टर आता ऐंशीच्या पुढं आहेत. दोन जिने चढून मी गेले, तेव्हा त्या गच्चीच्या दारात मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, नुसतं बाजूला सरकल्या.

"ये. प्राध्यापक होतेयस म्हणे. आता तरी बोलशील का?"

मी बसले. मटार सोलायला घेतले. कुठून सुरू करावं कळेना, म्हणून सरळ विचारलं. "सिस्टर, वहीत तुम्ही दा. ब. लिहायचात. दा. ब. म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी विचारावं नाडी कुठं असते.

"दारात बसले."

गच्चीवर एक कावळा पाण्याच्या टाकीवरून उडाला, एवढं मला आठवतं.

"दार बंद नाही?"

"दार बंद कशाला लिहू? दार तर बंदच असायचं. ज्यांच्याकडं आपल्याला पाठवतात त्यांचं दार बंदच असतं, त्यात सांगण्यासारखं काय? शाई फुकट!" त्यांनी एक शेंग मोडली. "मी काय केलं ते लिहायचं असतं वहीत. घरी कुणी नसलं, माणसं घर सोडून गेली असली, तर कु. लिहायचे. दिसलं नाही का तुला?"

"दिसलं." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "कु. आणि दा. ब. मी एकाच रकान्यात घातलं. दोन्ही म्हणजे दार उघडलं नाही, असं."

त्यांचे हात थांबले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन दा. ब., नाव बाद," त्या हळूच म्हणाल्या. "हे तुझं होय? मी निवृत्त झाल्यावर ऐकलं. मला वाटलं, वरून कुणा साहेबाचं डोकं असेल."

"तुम्ही तेव्हा मला सांगितलं का नाही? समोर तर बसायचात."

"तू विचारलंस का?" मग त्यांचा चेहरा मऊ झाला. "अगं, तुझं मौन असायचं. मी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा तू ओठांवर बोट ठेवून हात जोडलेस. म्हटलं, पोरगी देवाचं करतेय, आपण कशाला मोडा? आणि तू लिहीत होतीस इतकं सुंदर. वाटलं, इतकं सुंदर लिहिणाऱ्या मुलीला सगळं कळत असणार."

मी ताटातल्या मटारांकडं बघत राहिले. वर्षभर ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. एक प्रश्न, दोन शब्दांचं उत्तर. आणि मी देवासाठी गप्प होते.

"रडू नकोस मटारात, खारट होतील," त्या म्हणाल्या.

*

मंगळवारी आणि बुधवारी मी पुन्हा मोजलं. जुन्या नोंदी घरी कपाटात होत्या. रकाना फोडून दोन केले. कुलपांची साडेचारशे घरं बाजूला काढली. ती माणसं निघून गेलेली होती, तिथं दार कोण उघडणार? उरली अठ्ठावन्न घरं, जिथं ओळीनं तीन किंवा जास्त वेळा नुसतं दा. ब. होतं. त्यातली एकोणचाळीस दारं नंतर उघडली होती. कुणाचं चौथ्या खेपेला, कुणाचं नवव्या, एक तेविसाव्या. माझा अपवाद अपवाद नव्हताच. माझा नियमच उलटा होता.

हे चहा घेऊन आले आणि कागदांवर वाकले. ते भूमापन खात्यात होते, आकडे बघितले की थांबतात. "हे काय, अठ्ठावन्नात एकोणचाळीस? तुझ्या प्रबंधात तर सात की आठ टक्केच दारं उघडत होती ना?"

मी सांगितलं. सगळं.

त्यांनी कागद फिरवून बघितला. मग म्हणाले, "आमच्यात एकदा एकानं नकाशाची उत्तर दिशा उलटी लावली होती. चार वर्षं कुणाला कळलं नाही. सगळे म्हणायचे, विहीर सापडत नाही."

"मग?"

"मग त्यानं सांगितलं. बदली झाली. विहीर सापडली." चहाचा कप त्यांनी माझ्याकडं सरकवला. "पण तू खोटं बोललेली नाहीस. चुकलीस. त्यात फरक आहे."

"कालपर्यंत चूक होती," मी म्हटलं. "शुक्रवारी उभी राहून तेच बोलले तर?"

त्यावर त्यांनी फक्त बिस्किट बुडवलं, आणि ते तुटून कपात पडलं.

गुरुवारी विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी दार लावून घेतलं, पंखा कमी केला, माझं सगळं ऐकलं. त्या वाईट नाहीत. मला या विषयात त्यांनीच आणलं, माझ्या अर्जावर पहिली सही त्यांची.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी सांगू नको म्हणत नाहीये. आत्ता नको म्हणतेय. व्याख्यान होऊ दे, हातात कागद येऊ दे. मग आपण रीतसर शुद्धिपत्र काढू."

"कधी?"

"वर्षभरात. प्राध्यापक म्हणून तू सांगशील तर लोक ऐकतील. आज सांगशील तर म्हणतील, दोन अक्षरं वाचता येत नाहीत ती काय शिकवणार? दोन अक्षरांसाठी अठरा वर्षं चुलीत घालशील?"

"वर्षभरात किती नावं बाद होतील, बाई?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. व्हरांड्यात कुणीतरी घोकत होतं. आम्ही दोघी ऐकत होतो आणि दोघींनाही ते थांबवता येईना.

त्या संध्याकाळी दिवा लावला आणि मी बोलू शकले नाही. दिवसभरात खोटं असं काही बोललेच नव्हते. पण वाटलं, आत्ता जे तोंडात धरून बसलेय ते मौन नाही. मौन हलकं असतं. हे जड होतं, ओल्या कपड्यासारखं. देव काही बोलला नाही. तोही समोर नुसता बसून होता. आणि त्या अर्धवट उजेडात माझ्या मनात आलं, की मी इतकी वर्षं याच्या दाराशी येतेय. यानंही कधी तीन वेळा मोजून माझं नाव काढलेलं नाही.

*

शुक्रवारी पहाटे तेच स्वप्न पडलं. या वेळी मी वही मिटली आणि एका पायरीवर टेकले. दगड उबदार होता. एवढंच. बाकी काही झालं नाही, आणि जागी झाले.

बाहेर अजून ऊन नव्हतं. बरणी निळसर अंधारात होती. मी फोन उचलला आणि मौन मोडलं. पहिल्यांदाच, जाणूनबुजून. यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडं बघितलं, टॉर्च शोधल्यासारखा हात हलवला, मग पुन्हा पेपर वर धरला.

मोठ्या सिस्टर लवकर उठतात. "काय गं, इतक्या सकाळी बोलतेयस? देव रागावेल."

"सिस्टर, एक राहिलं विचारायचं. दारात बसून तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? बसायचे. पाय दुखायचे माझे, तेवढंच बरं." पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. "आतल्या माणसाला कळायला हवं, बाहेर कुणी आलंय आणि काही मागत नाहीये. ते कळायला वेळ लागतो बाई. मला काय घाई होती?"

सभागृह भरलं होतं. समितीची पाच माणसं पहिल्या रांगेत, मागं सगळं कॉलेज, शेवटच्या रांगेत केंद्रातल्या नर्स. पडद्यावर मी वहीचं पान लावलं. माईक माझ्यासाठी उंच होता, तो खाली करायला कुणी उठलं नाही आणि मलाही सांगवलं नाही.

"या पानावर चौदा वेळा दा. ब. लिहिलंय," मी सुरुवात केली. "अठरा वर्षं मी त्याचा अर्थ दार बंद असा सांगत आले. तो अर्थ चुकीचा आहे."

"ऐकू येत नाही!" मागून आवाज आला.

"तो अर्थ चुकीचा आहे."

"बाई, मोठ्यानं!"

मी टाचा उचलल्या आणि माईकला ओठ लावले. "मी चुकले," मी म्हटलं, आणि ते शब्द भिंतींवर आपटून माझ्याकडं परत आले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात काही बोलले नव्हते. मुलाबाळांना अशी हाकसुद्धा मारली नव्हती. "दा. ब. म्हणजे दारात बसले. मी वही वाचली, लिहिणाऱ्या बाईंना विचारलं नाही. त्या माझ्या समोर बसलेल्या होत्या."

मग मी दोन रकाने दाखवले. अठ्ठावन्न, एकोणचाळीस. चिठ्ठीचं वाक्य वाचून दाखवलं आणि ते मी लिहिल्याचं सांगितलं. तीन दा. ब.चा नियम मागं घ्यावा, असं म्हटलं. वीस मिनिटांचं व्याख्यान नऊ मिनिटांत संपलं.

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "पण बाई, मग तुमच्या अर्जाचा आधारच…"

"हो," मी म्हटलं. "राहिला नाही."

शेवटच्या रांगेत एक नर्स तोंडावर पदर धरून बसली होती. नंतर कळलं, चिठ्ठी सरकवणारी तीच. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला तेव्हा बसावंसं वाटलं होतं. पण तुमच्या पुस्तकात नव्हतं."

जिन्यात विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "वाईट वाटलं?" मी म्हटलं, "नाही." संध्याकाळी दिवा लावला तेव्हा खोटं शोधावं लागलं नाही.

*

प्राध्यापकपद दुसऱ्या एकाला मिळालं. चांगला माणूस आहे, मोठ्यानं बोलतो. नियम आमच्या केंद्रानं लगेच थांबवला. बाकीच्यांना पत्रं गेलीत, काहींची उत्तरं आलीत, काहींची नाहीत. मुली आता घोकताना अडखळतात. "तीन दा. ब.," म्हणतात आणि एकमेकींकडं बघतात.

रेकॉर्डवाल्या काकांकडून मी बाद झालेल्या नावांची यादी मागून घेतली. मंगळवारी माझे तास नसतात. पिशवी मोठ्या सिस्टरांनी दिली, तीच, नवे बंद लावलेली. "यात काही ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "जड झाली की उठावंसं वाटतं."

पहिलं नाव एका निवृत्त टपालवाल्याचं होतं. बायको गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं, तिसऱ्या खेपेनंतर आमची चिठ्ठी. भाजीबाजारामागच्या गल्लीत, तळमजला, तपकिरी दार, दाराला पत्रांची फट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांतून पत्रं सरकवलेल्या माणसाच्या फटीत आमचीच चिठ्ठी अडकून पिवळी पडली होती. मी ती काढली आणि पिशवीत टाकली.

"मी आलेय," मी म्हटलं. जरा मोठ्यानं. "बसतेय."

चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पायरीवर बसले. पहिल्या मंगळवारी काही झालं नाही. दुसऱ्या, तिसऱ्याही नाही. चौथ्या मंगळवारी मी विचारच करत नव्हते. गल्लीत दुपार पसरली होती, कुठून तरी कपडे धुतल्याचा आवाज येत होता, एक, दोन, एक, दोन. मला वाटतं माझा डोळा लागला होता. स्वप्न होतं की जाग, सांगता येणार नाही. पाठीमागं, लाकडाच्या पलीकडं, अगदी माझ्या खांद्याच्या उंचीवर कुणीतरी श्वास घेत होतं. तोही खालीच बसला होता म्हणायचा.

मी वळले नाही.

कितीतरी वेळानं फटीतून आवाज आला, बरेच दिवस न वापरलेला, गंजलेला.

"चपला सावलीत घ्या. तापतील."

मी हात लांब करून चपला आत ओढल्या, भिंतीच्या कडेला. "घेतल्या," मी म्हटलं.

आतून पुढं काही आलं नाही. ऊन पायरीवरून उतरून गल्लीत गेलं तेव्हा मी उठले, वही काढली आणि तारीख घातली. तारखेपुढं लिहिलं, दा. ब. पेन टोपणात घालणार होते, पण थांबले, आणि पुढं कधी ही वही कुणी शांतपणे बसून उतरवेल तिच्यासाठी शेजारी पूर्ण लिहिलं: दारात बसले. आम्ही दोघं.